समोर कोणी उभं असेल तर

सोमवार, १० फेब्रुवारी

कालपासून काय घडलं ते क्रमाने:

१. थोरलीचा फोन आला. थोरली म्हणजे सासूबाईंच्या नृत्यवर्गाची पहिली विद्यार्थिनी. आता तिचा स्वतःचा मोठा वर्ग आहे. पुढच्या महिन्यात तिचा कार्यक्रम आहे, त्यात तिने सासूबाईंना बोलावलं. सत्काराला नाही, भाषणाला नाही. तिच्या शेजारी उभं राहून नाचायला.

२. सासूबाई "हो" म्हणाल्या. फोन ठेवून खुर्चीत बसल्या आणि सासऱ्यांना विचारलं, "मी आत्ता हो म्हणाले का?"

३. थोरलीने तयारीसाठी व्हिडिओ मागितला. घरात इंजिनिअर मी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

४. माडीवरच्या वर्गात मी मोबाइल तिपाईवर लावला आणि त्यामागे उभी राहिले. आपण चौकटीत आहोत की नाही हे सासूबाईंना दिसावं म्हणून पुढचा कॅमेरा वापरला.

५. व्हिडिओ पाहिला. प्रत्येक हालचाल डावीकडून सुरू होत होती. मला नाच येत नाही, पण वर्गाचा आवाज रोज खाली येतो: "उजवा आधी! अगं, उजवा!" पुढचा कॅमेरा कधीकधी चित्र आरशासारखं उलटं साठवतो. मी ते सुलट केलं आणि पाठवलं.

६. थोरलीचं उत्तर आलं: "ताई, सुंदर! काहीतरी वेगळं वाटलं, पण सुंदर."

७. आज कामावरून येताना बसमध्ये व्हिडिओ पुन्हा पाहिला. सासूबाईंच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. त्याचा सेकंदकाटा उलटा फिरत होता.

म्हणजे कॅमेरा बरोबर होता. उलटं मी केलं.

मी कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासते. आमच्याकडे पहिला धडा हाच: आकडा विचित्र आला तर आधी यंत्रावर संशय घ्या. मी घेतला. यंत्र निर्दोष निघालं. सासूबाई सगळं नृत्य डावीकडून करतात आणि हे त्यांना माहीत नाही.

कारण उघड आहे. शिक्षिका मुलींकडे तोंड करून उभी राहते. मुलींचा उजवा पाय पडायला हवा तर तिला स्वतःचा डावा टाकावा लागतो, कारण मुली आरशात बघावं तशी नक्कल करतात. वर्गात आरसा नाही. का नाही, असं एकदा एका पालकांनी विचारलं होतं. "मी आहे की," असं सासूबाईंनी उत्तर दिलं होतं. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून त्या रोज आरसा होऊन उभ्या आहेत.

जाता जाता: माझा नवरा "डावीकडे वळ" म्हणतो आणि हात उजवीकडे दाखवतो. लहानपणी तोही याच वर्गात होता. लग्नाला आठ महिने झाले, इतके दिवस मी याला निष्काळजीपणा समजत होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मध्येच थांबला.

"थोरली शेजारी नाचणार ना? एकच रचना?"

"हो."

"म्हणजे ती इकडे जाणार, आई तिकडे."

"आणि परत येताना धडक."

"तू सांग तिला."

"तुझी आई आहे."

"म्हणूनच तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, तुला कुठे डावं-उजवं कळतं? आणि तिचं खरं आहे."

माझी अडचण निराळी आहे. मी सासूबाईंना हाकच मारत नाही. "आई" म्हणायला गेलं की माझी आई डोळ्यांपुढे येते. बाकी सगळी दुनिया त्यांना ताई म्हणते, भाजीवाला आणि पोस्टमनसुद्धा, पण सुनेने सासूला ताई कसं म्हणायचं? त्यामुळे मी वाक्यं अशी जुळवते की हाकेची गरज पडत नाही. "चहा झालाय." "फोन वाजतोय." त्यासुद्धा माझ्या खोलीत येताना दार वाजवतात आणि मला "इंजिनिअर" म्हणतात. व्यवस्था दोघींना सोयीची आहे. मात्र वाईट बातमी हाकेशिवाय कशी सुरू करायची, ते सुचत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं. पाठवलेला व्हिडिओ त्यांच्यापुढे धरून सुरुवात अशी केली: "जरा या घड्याळाकडे बघता का?"

सासूबाईंनी बघितलं. "बिघडलंय."

"घड्याळ ठीक आहे. मी व्हिडिओ उलटा करून पाठवला होता. हा मूळ."

मूळ व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. रचना रुसलेल्या नायिकेची आहे. ती प्रियकराला पत्र लिहायला बसते, चार ओळी लिहून वाचते, स्वतःवरच चिडून पत्र फाडते. नायिका डाव्या हाताने लिहीत होती.

"ही कोण डावखुरी बया?" सासूबाई म्हणाल्या.

सासरे पेपरमागून म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू सगळं डावीकडून करतेस ते. मला वाटलं, तुझी शैली असेल."

"अहो, इतकी वर्षं? बोलायचं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

सासूबाईंनी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला. मग सोफा आणि टीपॉय यांच्या मधल्या जागेत उभ्या राहिल्या, गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत आल्या, "उजवा" म्हणाल्या आणि डावा पाय टाकला. सगळे हसलो. पुन्हा "उजवा", पुन्हा डावा. पुन्हा हसलो. तिसऱ्या वेळी आम्ही हसलो तेव्हा त्या हसत नव्हत्या.

रविवार, १६ फेब्रुवारी

उपाय पहिला: उजव्या मनगटाला लाल फीत, जमिनीवर चिकटपट्टीचे बाण.

"मी काय प्लगची वायर आहे?" असं म्हणत त्यांनी फीत बांधून घेतली. परिणाम अर्धवट. सावकाश केलं की जमतं. गाणं सुरू झालं की बाण एकीकडे आणि सासूबाई दुसरीकडे.

मग एक गोष्ट दिसली. मी दारात, त्यांच्या पाठीमागे उभी होते. त्या भिंतीकडे तोंड करून करत होत्या आणि सगळं उजवीकडून, बिनचूक येत होतं. निघालेला एक बाण चिकटवायला मी पुढे गेले. मी समोर येताच त्यांचा पाय बदलला. बाजूला झाले, पुन्हा उजवा.

त्यांनाही ते जाणवलं. "परत ये बघू समोर."

आले. डावा.

"जा."

गेले. उजवा.

हे आम्ही बराच वेळ केलं. शेवटी त्यांना हसू आवरेना. मीही थोडी हसले असेन.

निष्कर्ष: समोर कोणी उभं असेल तर डावं. नसेल तर उजवं.

"म्हणजे रिकाम्या सभागृहात मी झकास नाचेन," सासूबाई म्हणाल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

उपाय दुसरा: सवय मोडणे. रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर पुतळ्यासारखी उभी राहते आणि त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून नाचायचं. अपयश. त्यांचं म्हणणं असं की मी ढिम्म उभी राहिले की त्यांना मला शिकवावंसं वाटतं.

"गुडघे तरी वाकव. म्हणजे माझा जीव शांत होईल."

प्रयोगाच्या सोयीसाठी वाकवले.

"आणि हात असा सोडू नकोस, वाळत घातल्यासारखा."

हातही उचलला. आता त्या करतात तसं मी करते. त्याने त्यांचं डावं सुटत नाही, पण निरीक्षण चालू ठेवायला बरं पडतं. मांड्या दुखतात.

आज दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. नवीनच आहे ही, नवऱ्याने सुचवलेली. माझ्या दाढेवर वाकताना ती पावलं बाहेर वळवून, गुडघे फाकवून, पाठ ताठ ठेवून उभी राहिली. तोंडातली नळी निघाल्यावर मी विचारलं, "ताईंचा वर्ग का?"

"तुम्हाला कसं कळलं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही काय त्यांच्या नव्या विद्यार्थिनी?"

"मी सून आहे."

"असं होय. मघापासून पायाने ठेका धरलाय, म्हणून वाटलं."

भूल उतरताना पायाला मुंग्या येत असाव्यात. रात्री जेवताना नवऱ्यानेही विचारलं, भाजी परतताना टाचा का आपटत होतीस? आपटत नव्हते.

रविवार, २ मार्च

थोरली तालमीला आली. मोठा आवाज, मोठं कुंकू, त्याहून मोठी पर्स. जिन्यातूनच "ताई" अशी हाक मारली आणि वर येऊन लहान मुलीसारखी पाया पडली. मग मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "ही उंच बाई कोण? नवीन बॅच?"

"ही आमची इंजिनिअर," सासूबाई म्हणाल्या.

दोघी शेजारी उभ्या राहिल्या. मी मुद्दाम मागे, कोपऱ्यात. पहिला भाग उत्तम गेला. दुसऱ्या भागात गिरकी आहे. तेवढ्यात सासरे चहा घेऊन दारात आले आणि सासूबाईंच्या अगदी समोर उभे राहिले. थोरली एका बाजूने फिरली, सासूबाई दुसऱ्या. कपाळावर कपाळ आपटलं. चहा सांडला नाही.

"तुला नारळ म्हणून फोडायला बोलावलं नव्हतं गं," सासूबाई म्हणाल्या. थोरली हसली. सासूबाईंनी मनगटावरची लाल फीत सोडली, घडी केली आणि खिडकीत ठेवली.

"तू एकटी कर. माझ्याकडून होणार नाही." आणि खाली गेल्या.

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला मूळ व्हिडिओ दाखवला, आणि तिला पाठवलेला मी सुलट केलेला होता, हेही सांगितलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली. मूळ व्हिडिओ बघता बघता तिने कपाळ चोळायचं थांबवलं.

"हां! या आमच्या ताई. तो तुम्ही पाठवलेला बघून मला सारखं वाटत होतं, काय चुकतंय? म्हटलं, वय झालं असेल."

"तो बरोबर होता. हा उलटा आहे."

"तुमच्यासाठी असेल," ती म्हणाली. "मी पाच वर्षांची असल्यापासून हाच बघितलाय."

हे वाक्य तपासून पाहायला हवं.

मंगळवार, ४ मार्च

कामावर लक्ष लागलं नाही. साहेबांनी विचारलं, पेन्सिलीने टेबल का बडवताय?

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्याशी शेंगा सोलत होत्या. मी समोर बसले आणि सोलायला लागले. त्या आपणहून बोलायला लागल्या. आठ महिन्यांत इतकं सलग बोलणं आमच्यात झालेलं नाही.

पहिला वर्ग मोटारीच्या गॅरेजमध्ये भरायचा. जमिनीवर तेलाचा मोठा डाग होता. मुली घसरू नयेत म्हणून त्यांनी त्याला तळं ठरवलं होतं. तळ्यात पाय पडला की मुलगी बाद. मग शाळेचं सभागृह. परीक्षा आल्या की बाकांच्या मधल्या वाटेतून नाचायचं, त्यामुळे त्या वर्षीच्या सगळ्या मुली अंग चोरून नाचायला शिकल्या आणि ते घालवायला पुढचं वर्ष गेलं. मग ही माडी. दर वर्षी ठरायचं की पुढच्या वर्षी आपण स्वतः रंगमंचावर जायचं. दर वर्षी कुणा ना कुणा मुलीचा पहिला कार्यक्रम यायचा, आणि ताईंनी मंचाच्या कडेला बसून ठेका धरायचा.

"मला वाईट वाटत नाही गं त्याचं. मुली गोड होत्या. एक सोडून. ती आता दातांची डॉक्टर आहे." त्यांनी शेंग मोडली. "पण एकदा बघायचं होतं, मी कशी नाचते. बघितलं. माझा नाच मुलींकडे गेला आणि माझ्याकडे त्याचा आरसा राहिला."

मी म्हणाले की कामावर आमच्याकडे दोन प्रकारची यंत्रं येतात. एक प्रकार आज इकडे चुकतो, उद्या तिकडे. तो आम्ही बाद करतो. दुसरा प्रकार रोज तेवढाच, त्याच बाजूला सरकतो. तो भरवशाचा. त्याला कुणी बदलत नाही. तो कुठे आणि कसा ठेवायचा, एवढंच बदलतात.

"मला तू यंत्र म्हणालीस."

"भरवशाचं."

"मग कुठे ठेवणार मला?"

"जिथे आहात तिथेच. लोकांकडे तोंड करून. थोरलीची जागा बदलायची. ती तुमच्याकडे तोंड करून उभी राहील, तुमच्या वर्गात उभी राहायची तशी."

शेंगा तशाच राहिल्या. त्यांनी थोरलीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अगं, पण तुझी पाठ होईल लोकांकडे. तुझाच कार्यक्रम आणि तुझं तोंडच दिसणार नाही?"

"ताई, माझं तोंड लोक दर वर्षी बघतात. कंटाळलेत. वेणी तेवढी नीट घालावी लागेल."

सासूबाई फोन ठेवून वर गेल्या. थोड्या वेळाने वरून वर्गातल्या ठेक्याच्या काठीचा ठोका ऐकू आला आणि त्यामागोमाग, "इंजिनिअर! समोर कोण उभं राहणार?"

सोमवार, १७ मार्च

काल कार्यक्रम झाला.

जाताना नवरा गाडी चालवत होता. तो "डावीकडे" म्हणाला आणि उजवीकडे वळला. कोणी दुरुस्ती केली नाही. वेळेवर पोचलो.

पडद्यामागे सासूबाईंना घुंगरू बांधता येईनात. मी बसून बांधले. दोऱ्या कशा गुंडाळायच्या ते मला कुठून माहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रोज बघते. त्यांचे पाय गार होते.

"इंजिनिअर, आत्ता तरी सांग. चुकलं तर?"

"चुकणार नाही. समोर माणसं आहेत."

मी जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. पडदा उघडला. सासूबाई मध्यभागी, आमच्याकडे तोंड करून. थोरली मंचाच्या पुढच्या कडेला, एका अंगाला, आमच्याकडे पाठ करून. मागे कुणीतरी कुजबुजलं, "हिला सांगा की गं, उलटी उभी राहिलीय." गाणं सुरू झालं. सासूबाईंचा डावा पाय पडला, थोरलीचा उजवा, आणि आमच्या बाजूने बघणाऱ्याला दोघी एकाच अंगाला झुकलेल्या दिसल्या. भूमितीप्रमाणे हे असंच व्हायला हवं होतं. तरी मी श्वास सोडला.

नाच कसा होता हे लिहायची माझी पात्रता नाही. जेवढं दिसलं तेवढं लिहिते. सासूबाईंचे गुडघे पूर्वीइतके वाकत नाहीत. गिरकीनंतर एकदा तोल गेला, तो त्यांनी नायिकेच्या रुसण्यात मुरवला. पत्राचा भाग आला तेव्हा त्या खाली बसल्या, मांडीवर कागद ठेवला आणि डाव्या हाताने पहिली ओळ लिहिली. त्यांनी मान वर करून सभागृहाकडे पाहिलं, मुलींना कळलं का, असं बघतात तसं.

पुढच्या रांगेत दातांची डॉक्टर होती. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि तिने हवेत ओळ लिहिली. तिच्या शेजारच्या बाईनेही. मग पलीकडच्या टोकाला पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, त्यांनी. मग मागच्या रांगांमध्ये बांगड्या वाजल्या. सभागृहातल्या कुठल्या कुठल्या बायका रुसून पत्र लिहीत होत्या, सगळ्या एका अंगाला. किती होत्या ते मोजलं नाही. नायिकेने पत्र फाडलं तेव्हा सगळ्यांनी फाडलं.

सासूबाई ते बघत होत्या. पुढे रचनेत राग आहे. त्यांना राग काही आणता आला नाही. सगळा शेवट त्या हसतच नाचल्या. जाणकारांना ते खटकलं असेल.

टाळ्या थांबेनात. सासरे उभे राहून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "डावीकडून करते. तिची शैली आहे."

मंगळवार, १८ मार्च

नवऱ्याने मोबाइलवर कार्यक्रम चित्रित केला होता. तो बाजूच्या भिंतीपाशी उभा होता, त्यामुळे चौकटीच्या कडेला प्रेक्षकही आले आहेत. सकाळी पाहिला. तिसऱ्या रांगेत एक उंच बाई उजव्या हाताने पत्र लिहिते आहे. पहिल्या ओळीपासून. फाडतानाही ती कुणाच्या मागे नाही.

मागचा कॅमेरा वापरलेला आहे. चित्र उलटं नाही. यंत्रात दोष नाही.

नवरा म्हणाला, "हिला ओळखतेस का?" मी त्याला मोबाइल परत दिला.

सासूबाईंची लाल फीत अजून माडीच्या खिडकीत आहे. कामावर जाण्यापूर्वी तिच्याखाली एक चिठ्ठी ठेवून आले. तीन वेळा लिहिली. तिसरी ठेवली. मजकूर असा:

"ताई,

येत्या शनिवारी तुमचा नवा वर्ग सुरू होतो आहे. त्यात एका मोठ्या विद्यार्थिनीसाठी जागा आहे का? पत्र लिहायचा आणि फाडायचा भाग तिला बराचसा येतो. त्याआधीचं काहीही येत नाही. गुडघे वाकतात.

वर्गात मी तुम्हाला ताई म्हणेन. घरात काय म्हणायचं, ते तुम्ही सांगा. आजवर ते मी विचारलं नव्हतं.

दोन्हींचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यावं."